दोन माणसांची फटफटी

किसन, तुझी फटफटी अजून तुझ्याच अंगणात लिंबाखाली उभी आहे. मागच्या आठवड्यात ती जाणार होती. गेली नाही, आणि का गेली नाही ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून लिहायला बसलो. सांगण्यासारखं दुसरं माणूस मला उरलेलं नाही. शाळेत पोरांना पाढे म्हणून दाखवतो, तेवढाच काय तो माझा आवाज दिवसभरात मला ऐकू येतो. घरी आलो की तोही बंद.

आधी एक सांगून टाकतो. मला तुझा राग आलेला आहे. भांडण अर्धवट टाकून पळायची तुझी जुनी खोड. आपण उर्दू शाळेत होतो तेव्हाही मौलवीसाहेबांची छडी दिसली की तू वाद तिथंच सोडून भिंतीवरून उडी मारायचास आणि मी एकटा सापडायचो. या वेळीही तेच केलंस. चोकचा वाद आपला मिटलेला नव्हता. त्या दिवशी सकाळीसुद्धा मी तुला म्हणालो, "किसन, आता तरी तो चोक बसव बाबा. माझे गुडघे मला खाली बसू देत नाहीत." आणि तू किकवर पाय ठेवून म्हणालास, "गुडघ्याला तेल लाव. फटफटीला काहून बोलून राहिलास?" हेच तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. दुपारी कापसाच्या जिनिंगमधला माणूस तू गेल्याचं शाळेत सांगत आला, तेव्हा मी फळ्यावर भागाकार लिहीत होतो. तो भागाकार पुरा केला की नाही, आठवत नाही.

गाव म्हणतं, जिनिंगच्या किसन फिटरनं भंगारातून फटफटी उभी केली. खरंच आहे. पण ती आणायला तू मला का घेऊन गेलास, हे मी इतकी वर्षं चुकीचंच समजत आलो.

मोठा दुष्काळ सरल्यावरचं ते वर्ष. माझी सुमन तापानं गेली त्याला काही महिने झाले असतील. मूलबाळ नव्हतं. शाळेतून आलो की मी दार लावून घ्यायचो. एकदाच भात टाकायचो आणि उरलेला सकाळी खायचो. कोणी कडी वाजवली तरी उठायचो नाही. एका रविवारी तू बैलगाडीच दारात आणून उभी केलीस आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलास, "गुरुजी, कुरुंद्याला चल! एकट्याच्यानं उचलत न्हाई!" मी उठलो नाही. तू बैल सोडलेस, माझ्या ओट्याला बांधलेस आणि त्यांच्यापुढे कडबा टाकलास. बैल दारात हगायला लागले तेव्हा मला दार उघडावंच लागलं. काय उचलायचं आहे, हे वाटेत विचारलं तर म्हणालास, "नवरी हाय."

कुरुंद्याच्या त्या व्यापाऱ्याचा हळद घासायचा ड्रम तू नीट करून दिला होतास आणि त्याच्या बदल्यात गोदामाच्या कोपऱ्यातलं एक लोखंड मागून घेतलं होतंस. निजामाच्या काळातल्या कोण्या अंमलदाराची ती विलायती फटफटी. पोलीस ॲक्शनच्या गडबडीत मागे राहिली ती राहिली, आणि तेव्हापासून हळदीच्या पोत्यांमागे पडून होती. टायर उंदरांनी खाल्लेले. टाकी पिवळी, चाकांच्या तारा पिवळ्या, दिव्याच्या काचेवर पिवळी भुकटी. व्यापारी म्हणाला, "बराबर हाय. हळद लावल्याशिवाय पोरगी सासरी धाडायची नसती." आपण तिला गाडीत उभी बांधली आणि कळमनुरीच्या भर बाजारातून आणली. तुझ्या दारात गयावहिनी उभ्या होत्या. त्यांनी एकदा फटफटीकडे पाहिलं, एकदा तुझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सवत आणली ते आणली, वर गुरुजीला साक्षीदार करून आणलं!" मग त्यांनी आपल्याला पिठलं-भाकरी वाढली. त्या दिवशी मी किती भाकरी खाल्ल्या, ते त्यांनी मला पुढे कितीतरी वेळा ऐकवलं.

त्यानंतर शाळा सुटली की माझे पाय तुझ्या वस्तीकडेच वळायला लागले. मास्तर रोज बौद्धवाड्यात जेवतो, अशी माझ्या गल्लीत कुजबुज झाली. एकानं मला तसं तोंडावर विचारलं. मी म्हणालो, तुमच्याकडं पिठलं चांगलं होत असेल तर तुमच्याकडं येतो. परत कोणी विचारलं नाही.

मला लोखंडातलं काय कळत होतं? पान्हा आणि पक्कड यातला फरक मी तुझ्याकडे शिकलो. इंजिन गंजून धरलं होतं. तू त्यात रॉकेल ओतून ठेवलंस आणि मला कामाला लावलंस, "रोज येऊन नुसतं किक दाबून बघायची. जोर करायचा न्हाई. ती सुटंल तवा सुटंल." मी रोज यायचो, दाबायचो, ती ढिम्म हलायची नाही. आणि एका संध्याकाळी ती माझ्या पायाखाली बोटभर खाली गेली. मी असा ओरडलो की वहिनी पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या. सुमन गेल्यापासून मी पहिल्यांदा ओरडलो होतो, हे घरी जाताना माझ्या लक्षात आलं. तुझ्या तेव्हाच लक्षात आलं असणार. तू नुसता बिडी ओढत बसलास.

क्लचच्या ताटल्यांना लागणारी बुचं तू दवाखान्यातल्या खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांची जमवलीस. कंपाउंडर तुला पाहिलं की विचारायचा, "आज किती खोकला पायजे?" टाकी घासायला घेतली तर वरच्या काळ्या रंगाखाली तांबडा निघाला आणि तांबड्याखाली लष्करी हिरवा. मी म्हणालो, काळाच रंग दे, रुबाबदार दिसतो. तू म्हणालास, "तिचा जो असल रंग हाय तोच." यावरून आपण पंधरा दिवस बोललो नाही; म्हणजे मी बोललो नाही, तू बोलतच होतास. कितीही पुसलं तरी कानाकोपऱ्यातली हळद काही गेली नाही. अजूनही इंजिन तापलं की पेट्रोलच्या वासाआडून हळदीचा वास येतो.

पिस्टनच्या रिंगा शोधायला आपण हैदराबादला गेलो. जुन्या बाजारात दिवसभर लोखंडाच्या ढिगांतून फिरलो. मला उन्हानं चक्कर येत होती, तर तू म्हणालास, "जा, इराण्याकडं चहा घे, मी येतो." मी चहा पिऊन आलो तेव्हा तू एका दुकानदाराशी दक्खनीत हसत बोलत होतास आणि रिंगा तुझ्या पिशवीत होत्या. मी विचारलं, "आणि चोक?" तू हात झटकलेस. "न्हाई भेटत. विलायतेहून यावा लागंल."

चोक म्हणजे एक बारकी पितळी झडप. रात्रभर थंड पडलेलं इंजिन सकाळी सुरू करायचं तर घटकाभर हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागतं. ती हवा अडवायचं काम तिचं. आपल्या नवरीला ती नव्हतीच. मग तू उपाय काढलास. मी डाव्या बाजूला खाली बसायचं आणि कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात घट्ट दाबून धरायचा, तू वरून किक मारायची. इंजिननं पकडलं की तू म्हणणार "सोड!" आणि त्याच क्षणी मी हात काढायचा. लवकर काढला तर बंद पडणार, उशिरा काढला तर पेट्रोल पिऊन बसणार. मी म्हणालो, हाताच्या जागी चिंधी कोंबू. तू डोळे मोठे केलेस. "चिंधी आत ओढली की इंजिन खलास. हातच पायजे. आणि तुझाच पायजे, तुझा हात बराबर बसतो."

हे मला खरं वाटलं. इतकी वर्षं खरं वाटत राहिलं. थंडी असो, चिखल असो, सकाळी अंघोळ करून मी तुझ्या अंगणात हजर. तू किक मारलीस की इंजिन माझ्या तळहाताला आत ओढायचं. ती ओढ मला अजून हातात जाणवते. मग पेट्रोलचा गार ठिपका हातावर घेऊन मी तुझ्यामागे कॅरियरवर गोणपाट टाकून बसायचो, तू मला शाळेच्या फाटकाशी सोडून जिनिंगला जायचास. दिवसभर माझ्या हाताला खडू आणि पेट्रोलचा वास. पहिल्या दिवशी हिंगोलीच्या रस्त्याला एका शेतकऱ्याचे बैल बुजले, तर तो मागून ओरडला, "अय, काय सैतान घेऊन फिरून राहिले रं!" तू वळून त्याला सलाम ठोकलास आणि आपण दोघं नाल्यात जाता जाता वाचलो.

गाडीवर तू सारखा बोलायचास. तोंड पुढे, वारा मागे, आवाज तिचा. मला अर्धं ऐकू यायचं नाही. मी आपला "व्हय, व्हय" म्हणायचो. एकदा कयाधूच्या पुलावर तू बराच वेळ काहीतरी सांगत होतास. मी व्हय म्हणालो आणि तू समाधानानं मान हलवलीस. काय होतं ते, किसन? नंतर विचारू म्हणून राहून गेलं. आता रात्री पडल्या पडल्या तेच मनात येतं, की मी तुला कशाकशाला होकार देऊन बसलो आहे.

दसऱ्याचा वाद तर दर वर्षी ठरलेला. मी हळद-कुंकू आणि झेंडूची माळ घेऊन यायचो, यंत्राची पूजा म्हणून. तू आडवा. "तिला जन्माची पुरेल इतकी हळद लागली. कुंकू आमच्यात चालत न्हाई. फुलं आण." मग फुलांवर तोड निघायची. माळ घालून तू म्हणायचास, "पुढच्या दसऱ्याला हिच्यावर नागपूर." तरुणपणी तू तुझ्या आईबरोबर दीक्षेला गेला होतास, ट्रकमध्ये उभा राहून. त्याच रस्त्यानं स्वतःच्या गाडीवर जायचं, एवढीच तुझी हौस. एका वर्षी साखळी तुटली, एका वर्षी तुझी पोरगी वाशिमहून बाळंतपणाला आली. मीच म्हणत राहिलो, घाई कशाची?

तू गेल्यावर फटफटीला कोणी हात लावला नाही. मीही नाही. वस्तीवरून जाताना मी रस्त्यावरूनच तिच्याकडे पाहायचो आणि तसाच पुढे व्हायचो. आत वळायला निमित्त काय सांगणार? बायको गेलेला मास्तर आणि तू गेल्यावर एकट्या राहिलेल्या वहिनी. फटफटी चालत होती तोवर मला या अंगणात काम होतं. आता बिनकामाचा माणूस म्हणून कोणत्या तोंडानं जायचं? सकाळी अंघोळ करून तयार व्हायचो आणि शाळेची वेळ होईपर्यंत घरातच बसून राहायचो. दार पुन्हा लावलेलं.

मागच्या शनिवारी वहिनींनी निरोप धाडला, येऊन जा. त्यांनी सांगितलं, "उत्तमभाऊजी उद्या येऊन राहिले. फटफटी चालवत नांदेडला नेतो म्हणतात. चालू होती का बघून ठेवा." उत्तम तुझा सख्खा भाऊ, त्याचा हक्क आहे. मी मान डोलावली. खरं सांगतो, ती गेली की या घराशी माझं जे काही उरलंय ते संपणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. तरी मी गोणपाट काढलं, पेट्रोल पाहिलं आणि किकशी उभा राहिलो. आणि थबकलो. किक मारणार मी, तर हात कोण धरणार?

वहिनींनी पदर खोचला. डाव्या बाजूला येऊन खाली बसल्या आणि तळहात कार्बोरेटरच्या तोंडावर ठेवला. बोटं मिटलेली, अंगठा आत दुमडलेला, अगदी बराबर. "हाणा," म्हणाल्या. मी हाणली. आधी चुकली, मग पुन्हा हाणली, आणि नवरी बोलली. मी "सोडा" म्हणायच्या आधीच त्यांनी हात काढला होता.

मी इंजिन बंद केलं. म्हणालो, "वहिनी, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"तुमी दिवाळीच्या सुट्टीत बहिणीकडं जाता, तवा कोण धरायचं? उन्हाळ्यात जाता, तवा? फटफटीला काय शाळेची सुट्टी ऱ्हाती?"

त्या आत गेल्या आणि तपकिरीची एक जुनी डबी घेऊन आल्या. आत तेलकट फडकं, आणि फडक्यात ती पितळी झडप. चोक. नवी कोरी.

"हैदराबादहूनच आणला व्हता," वहिनी म्हणाल्या. "तुमी चहा प्यायला गेलते म्हणं. मी किती डाव म्हणलं, बसवून टाका, गुरुजीला काहून तकलीफ देता? तर म्हणले, चोक बसवला तर तो परत दार लावून बसंल. त्याला सकाळी उठून कुठंतरी जायला पायजे."

मी तिथंच लिंबाच्या बुंध्याशी बसलो. किसन, लबाडा. वर्षानुवर्षं मला चिखलात गुडघ्यावर बसवलंस. माझा हात बराबर बसतो म्हणालास आणि मी मनातून फुशारून गेलो, की एवढा मोठा फिटर, पण माझ्यावाचून अडतं. अडत होतं ते माझं. मला रडू आलं आणि तुझ्या बायकोसमोर ते आवरण्याचाही मी प्रयत्न केला नाही. वहिनींनी पाण्याचा तांब्या आणून जवळ ठेवला आणि पाठ फिरवून ओसरीच्या तुळईला टांगलेली कणसं नीट करत राहिल्या. डबी त्यांनी परत मागितली नाही. जाताना ती माझ्या सदऱ्याच्या खिशात होती.

रविवारी उत्तम एसटीनं आला. पोरगा गुणी आहे रे. फटफटीवरून हात फिरवताना त्याचे डोळे भरून आले. मग त्यानं बाह्या सारल्या आणि किक मारायला लागला. मारली, मारली, घामाघूम झाला. ती काही बोलेना. मी लिंबाखाली उभा होतो. दोन स्क्रू पिळले की काम होतं, झडप माझ्या खिशात होती, बोटांना लागत होती.

"गुरुजी," तो धापा टाकत म्हणाला, "दादा कसा चालू करायचा हिला?"

मी तोंड उघडलं. खोटं बोलायची मला सवय नाही, ते खातं तुझ्याकडे होतं. हात खिशात गेलाच होता. तेवढ्यात वहिनी दारातून म्हणाल्या, "तिला दोन माणसं लागतात, भाऊजी. एक किक हाणायला आन् एक हात धरायला. नांदेडात रोज सकाळी तुमच्यासाठी कोण खाली बसंल?"

"त्यात काय, मिस्त्रीकडून चोक बसवून घेतो की."

"तुमच्या दादाला आख्ख्या हैदराबादेत भेटला न्हाई तो. तुमच्या मिस्त्रीला भेटतो व्हय?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "इचारा गुरुजीला. संगं व्हते ते."

उत्तमनं माझ्याकडे पाहिलं. मी खिशातला हात तसाच ठेवला आणि म्हणालो, "नाही मिळाला."

तो जरा वेळ टाकीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मग वहिनी. हितंच शोभून दिसती ती." जेवला आणि दुपारच्या गाडीनं गेला.

तेव्हापासून मी रोज सकाळी येतो. इंजिन धरून बसू नये म्हणून फटफटी रोज सुरू करावी लागते, हे आता सगळ्या वस्तीला माहीत आहे. वहिनी हात धरतात, मी किक हाणतो. ती थोडा वेळ धडधडते, तापते, हळदीचा वास येतो. मग आम्ही तिला बंद करतो. मला चालवता येत नाही. तू मला कायम मागेच बसवलंस. वहिनी चहा देतात, मी ओट्यावर बसून पितो आणि पायी शाळेत जातो. रस्ता लांब वाटतो. पुढून कोणी बोलत नसतं आणि मला व्हय म्हणायला काही नसतं.

काल इंजिन बंद केल्यावर वहिनी गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. म्हणाल्या, "गुरुजी, माझे बी गुडघे आता दुखून राहिले. तेवढा चोक कुठं भेटतो का बघा की." आणि पदर तोंडाला लावून हसल्या, तू गेल्यापासून पहिल्यांदाच.

डबी माझ्या खिशातच होती.

"बघतो," मी म्हणालो. "पण मिळणं कठीण आहे. विलायतेहून यावा लागेल."